धुरपताबाईचा दाखला

हिवरगावात कुणाच्या लेकीचं सासरी बिनसलं की धुरपताबाईचा दाखला निघायचाच. लोह्यापासून तीन कोसांवरचं हे गाव. रस्ता नीट नाही, नळाला पाणी आलं तर आलं, पण दुसऱ्याच्या संसाराचे दाखले द्यायला माणसं एकदम पक्की. "व्यंकटीच्या बायकोकडं बघा," म्हणायची. "काय कमी सोसलं का बाईनं? पर उंबरा सोडला न्हाई. आज कसं सोन्यावानी चाललंय!" आणि खोटं कशाला बोला, हे ऐकताना धुरपताची मान जराशी ताठ व्हायची.

बाई तशी ताठच. शाळेत खिचडी शिजवायला लागून एकोणीस वर्षं झाली. एकशेचाळीस पोरांच्या खिचडीत मीठ किती, हे तिला हातानं कळायचं, चमच्याची भानगड नाही. तिखटाचा अंदाज चुकला नाही तसा जिभेचाही कधी चुकला नाही. हेडमास्तर जेवून ताट तसंच ठेवून उठले की भर पोरांत म्हणायची, "सर, नळ तिकडं हाय." सर गुमान ताट घासायचे. अशी ही वाघीण, पण घराच्या उंबऱ्याच्या आत मात्र तीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेली.

माहेर मुदखेडकडचं. पंधराव्या वर्षी लग्न झालं. व्यंकटी तेव्हा जवान गडी, दारूला लागलेला, अन् दारू नसली तरी हात चालवणारा. कालवण खारट झालं, मार. पाणी द्यायला उशीर झाला, मार. पाणी जल्दी दिलं तर "कुठं जायची घाई हाय तुला?" म्हणून मार. तीनदा ती माहेरी पळाली आणि तीनदा बापानं हाताला धरून परत आणून घातली. चौथ्यांदा ती पळालीच नाही. नवऱ्यानं मारलं अन् पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडं मागायची, असं आईनं सांगितलं होतं, तेच तिनं पदराला बांधून घेतलं. पुढं पन्नाशीला आल्यावर व्यंकटीला शुगर निघाली. पायाला जखम झाली, डॉक्टरनं पाय कापायची भीती घातली, तशी दारू सुटली. आता तो ओट्यावर बसून बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि लोक त्याला बैठकीला बोलवायचे. गाव म्हणायचं, धुरपतानं सोसून सोसून नवरा सुधारला.

ह्या बैठकीचं जरा सांगायला पाहिजे. लेक सासरहून मार खाऊन आली की दोन्हीकडची चार माणसं जमतात. पुरुष अंगणात सतरंजीवर, बाया दाराच्या आत. मध्यस्थ दोन्हीकडून गोड बोलतो. मग एखाद्या जाणत्या बाईला पुढं बोलावतात, पोरीला समज द्यायला. समज म्हणजे काय, तर मी कसं सोसलं अन् माझं कसं नीट झालं, ते सांगायचं. पोरगी खाली मान घालते, घरातली सवाष्ण तिची ओटी भरते, आणि त्याच गाडीत बसून ती परत जाते. हिवरगावात ही समज द्यायचा मान धुरपताचा. तिनं अशा किती पोरी वाटेला लावल्या, त्याची गणती तिनं कधी ठेवली नाही.

त्यातली एक तिची स्वतःची होती. शीला, एकुलती लेक. सात वर्षांमागं अहमदपूरकडं दिली. जावई हणमंत खत-बियाणांच्या दुकानात कामाला, दिसायला झकास, बोलायला त्याहून झकास. शीला दोनदा मार खाऊन आली. दोन्ही वेळा बैठक बसली, दोन्ही वेळा धुरपतानंच समज दिली, आणि दोन्ही वेळा जावयाच्या गाडीत लेकीशेजारी बसून तीच तिला अहमदपूरला पोचवून आली. सोबत लाडवांचा डबा. भरल्या हातानं गेलं की सासूचं मन वितळतं, असा तिचा पक्का समज. लाडू वितळले, सासू काही वितळली नाही.

अन् आता शीला तिसऱ्यांदा आली होती. एकटीच, एसटीनं, डाव्या कानावरून पदर घट्ट ओढून. लोह्याच्या डॉक्टरनं कानात बॅटरी मारून सांगितलं, पडदा फाटलाय. धुरपतानं शेजारणींना सांगितलं, कानात गळू झालंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय! व्यंकटीनं मध्यस्थाला, म्हणजे सुदाममामाला फोन लावला आणि गुरुवारची बैठक ठरली. धुरपतानं लाडवांसाठी डाळ दळून आणली. शीला दिवसभर मुकाट घरकाम करायची आणि कुणी डावीकडून बोललं की उत्तर द्यायची नाही.

गुरुवारच्या अगोदरच्या रविवारी महिला दिन होता. शाळेवरच्या वैष्णवी मॅडम नांदेडच्या, नवीन लागलेल्या, अंगात उत्साह मावत नाही. त्यांनी बचत गटाच्या बायांना नांदेडला सिनेमा दाखवायचं ठरवलं. दोन क्रूझर गाड्या भरल्या. टॉकीजच्या दारात केवळाबाईनं चपला काढून हातात घेतल्या. केवळाबाई म्हणजे धुरपताच्या जोडीला खिचडीचं पातेलं उतरवणारी, लहानपणापासून गुडघ्यांचं दुखणं सांगणारी. "अगं, देऊळ हाय का हे?" धुरपता म्हणाली. केवळाबाई म्हणाली, "एवढी चकचकीत फरशी देवळात तरी कुठं असती?" सगळ्या पोट धरून हसल्या.

सिनेमा वीटभट्टीवरच्या एका बाईचा होता. नवरा मारायचा, ती पळून आईकडं यायची, आई परत पाठवायची. पुढं ती लेकरू पाठीला बांधून एकटीच निघते, हाल काढते, विटा वाहते, शेवटी कोर्टात नवऱ्यासमोर उभी राहून बोलते आणि स्वतःची भट्टी लावते. बायांनी शिट्ट्या सोडून सगळं केलं. नवऱ्याला इतक्या शिव्या पडल्या की तो पडद्यातून उतरला असता तर जित्ता गेला नसता. वीटभट्टीवालीसाठी सगळ्या रडल्या.

धुरपताचं मात्र त्या बाईकडं लक्षच राहिलं नाही. ती तिच्या आईपाशी अडकली. सिनेमातली आई काही वाईट नव्हती. लेक आली की हळद लावायची, गरम भाकरी करून स्वतःच्या हातानं भरवायची, डोक्यावरून हात फिरवायची. आणि सकाळी ओटी भरायची. एकदा ओटी भरताना लेकीचं मनगट सुजलेलं होतं, पदर नीट धरता येईना. तांदूळ खाली सांडले. आई खाली बसली, एकेक दाणा वेचून परत पदरात टाकला. मनगटाकडं तिनं बघितलंच नाही. तांदळाकडंच बघत राहिली.

शीलाला दुसऱ्यांदा धाडलं तेव्हा तिची दोन बोटं सुजली होती. ओटीत तांदूळ किती घातले, खोबऱ्याची वाटी कशी होती, खण कोणत्या रंगाचा, सगळं धुरपताला लख्ख आठवलं. बोटं कोणत्या हाताची होती ते आठवेना. डोकं दाबलं, डोळे मिटले, तरी आठवेना. आणि मग बाई अशी रडायला लागली की पुढच्या रांगेतले लोक मागं वळून बघायला लागले.

केवळाबाई घाबरली. "शुगर उतरली का गं तुझी?" म्हणून पिशवीतली चिक्की तोंडात कोंबायला लागली. वैष्णवी मॅडम वाकून म्हणाल्या, "काकू, सिनेमा आहे हो. शेवट चांगला होतो त्याचा."

"तुम्हाला सिनेमा हाय, माय," धुरपता म्हणाली. चिक्की तिनं थुंकून टाकली.

घरी आली तेव्हा दिवस मावळायचा होता. शीला अंगणात ज्वारी पाखडत होती. "कसा होता सिनेमा?" तिनं विचारलं. "बरा होता," धुरपता म्हणाली, आणि पुढ्यात बसली. "हात दाखव." शीलाला ऐकू गेलं नाही म्हणून तिनं उजव्या बाजूला सरकून परत सांगितलं. शीलानं हात पुढं केले. डावा हात. करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट. करंगळी वाकडीच बसली होती. दीड वर्ष झालं होतं. ह्या दीड वर्षात लेक दिवाळीला आली, संक्रांतीला आली, शेजारी बसून जेवली, आणि आईला करंगळी दिसली नव्हती.

सोमवारी शाळेत खिचडी करपली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. पोरांनी नाकं मुरडली, हेडमास्तरांनी काही बोलायचं धाडस केलं नाही. पातेलं घासता घासता धुरपता केवळाबाईला म्हणाली, "गुरुवारी मी शीलाला धाडणार न्हाई."

केवळाबाईच्या हातातली काथ्याची घासणी थांबली. "सिनेमा बघून आलीस म्हणून? अगं, ते पडद्यावरचं असतंय. तिथं कोर्टात बोलली की टाळ्या पडतेत. हितं कोण टाळ्या वाजवणार? तुझा मालक?"

"टाळ्या कुणाला पाहिजेत!"

"आन् उद्या लोक म्हणतील, दुसऱ्याच्या लेकी धाडल्या अन् सोताची ठेवून घेतली."

"म्हणू दे. खरंच हाय ते." धुरपतानं पातेलं पालथं घातलं. "त्यांच्याबी दारात जाऊन सांगावं लागंल मला. पर अगोदर ही."

त्या रात्रीच्या जेवणाला तिनं व्यंकटीला सांगून बघितलं. व्यंकटी भाकरी मोडत म्हणाला, "चार माणसं यायलेत. खामखा तमाशा करू नको." विषय संपला, असं त्याला वाटलं. डाळीचं पीठ डब्यात तसंच पडून राहिलं. बुधवारी शीलानं विचारलं, "माय, लाडू करायचेत ना?" धुरपता म्हणाली, "न्हाई." शीलानं आईकडं बघितलं, पण काही विचारलं नाही. विचारून कधी काही हाती लागलं असतं तर तिनं विचारलं असतं.

गुरुवारी गाडी आली. हणमंत, त्याचा बाप, चुलता. सुदाममामा त्यांच्या अगोदरच येऊन बसले होते. सतरंजी अंथरली, पाणी झालं. हणमंत इस्त्रीचा शर्ट घालून खाली बघत बसलेला, असा गरीब चेहरा करून की बघणाऱ्याला वाटावं, ह्याचाच कान फुटलाय. दाराच्या आत धुरपता, शीला आणि सोबतीला केवळाबाई.

"रागाच्या भरात हात लागला," हणमंत म्हणाला. "मी काय मुद्दाम मारलं?"

"लागतो, लागतो," सुदाममामा म्हणाले. "संसार म्हणलं की भांड्याला भांडं लागतंच. आवाज व्हायचाच. काय व्यंकटराव?"

व्यंकटीनं खाकरून गळा साफ केला. त्याच्या आवडीची वेळ आली होती. "माझ्याच घरचा दाखला घ्या की. मी का कमी मारलं हिला?" तो हसला. सतरंजीवरचेही हसले. "पर बाई टिकली. सोसलं, म्हणून आज चार माणसांत बसायची इज्जत हाय. धुरपते, ये भाईर. समजाव पोरीला."

धुरपता बाहेर आली. नेहमी ती चौकटीला टेकून, पदर तोंडाशी धरून बोलायची. आज ती चालत गेली ती थेट सतरंजीच्या कडेला जाऊन उभी राहिली. सुदाममामांनी पाय आखडून घेतले.

"समजावते," ती म्हणाली. "पर पोरीला न्हाई. तुम्हाला."

"आता हे काय?" चुलता म्हणाला.

"दोन बारीला मी ह्याच अंगणात लबाड बोलले. सोसलं म्हणून नीट झालं, म्हणाले. नीट काहीबी झालं न्हाई. शीलाच्या बाबाला शुगर झाली, पाय सडायला लागला, हातातलं बळ गेलं, तवा मार थांबला. माझ्या सोसण्यानं थांबला न्हाई. मी सोसत होते तवर हे मारतच होते. जितकं सोसलं तितकं जास्त मारलं. हे खरं हाय. हे मी कुणालाच सांगितलं न्हाई, सोतालाबी न्हाई."

ती व्यंकटीकडून हणमंताकडं वळली.

"हणमंतरावाचं वय तीस. त्याचं बळ जायला अजून वीस साल लागतेत. आज कान गेला. वीस सालात पोरीचं काय काय जाईल, ते सांगा मामा तुम्ही. तुम्ही जाणते हाव."

"आत हो!" व्यंकटी ओरडला.

हा आवाज जुना होता. धुरपताचं अंग तो ओळखत होतं. खांदे आपोआप वर आले, मान आत गेली, डोळे क्षणभर मिटले. आता रट्टा बसतो, असं पाठीला वाटलं. पण पाय जागचे हलले नाहीत. तिनं डोळे उघडले, खांदे खाली सोडले आणि म्हणाली, "न्हाई जाणार."

सुदाममामांनी मध्यस्थाचा गोड आवाज काढला. "धुरपताबाई, राग आला असंल, मान्य हाय. पोरगी काही तुमच्या घरी जन्मभर राहायची न्हाई. फारकतीची भाषा आपल्यात शोभत न्हाई. ओटी भरा, लेक वाटेला लावा. पुढं मी बघतो ना."

"मागच्या दोन बारीला कुठं बघत होता तुम्ही?" धुरपता म्हणाली. "फारकत घ्यायची का न्हाई, ते शीला ठरवील. तिला अक्कल हाय. पर ह्या घरातून तिची ओटी भरली जाणार न्हाई."

"ओटीबिगर लेक निघत नसती, बाई."

"मालूम हाय मला."

सुदाममामा आता खरंच चिडले. दारातून आत बघून म्हणाले, "केवळाबाई, तुम्हीबी सवाष्णच हाव ना? तुम्ही भरा. शुभ काम हाय."

केवळाबाई चौकटीशी बसलेली. गावात कुणाचाही शब्द खाली न पाडणारी. तिनं एकदा सतरंजीकडं बघितलं, एकदा धुरपताच्या पाठीकडं. मग दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "मामा, माझे गुडघे सकाळधरनं असे धरलेत, मला काही उठता येईना बघा."

एवढं होईपर्यंत शीला कधी दारात येऊन उभी राहिली, कुणाच्या ध्यानात आलं नाही. हणमंतानं वर बघून तिला नजरेनं खुणावलं, चल म्हणून. शीला म्हणाली, "मी यायची न्हाई." एवढंच. आवाज जरा मोठा निघाला, कारण स्वतःचा आवाज तिला हल्ली नीट ऐकू यायचा नाही.

पाहुणे चहा न पिता गेले. गाडीचा फुफाटा खाली बसला तरी व्यंकटी सतरंजीवरच. मग म्हणाला, "चार माणसांत माझी इज्जत काढलीस."

"मी का कमी मारलं, असं तुम्हीच म्हणलात," धुरपता सतरंजीचं टोक ओढत म्हणाली. "मी फकस्त पुढचं सांगितलं. उठा, सतरंजी झटकायची हाय."

व्यंकटी उठला. काय करणार? बिनसाखरेचा चहा त्यानं त्या दिवशी स्वतः करून घेतला, आणि त्यात साखर घातली.

धुरपताला वाटलं, जिंकलो. अंग हलकं झालं होतं. चुलीपाशी आली तर शीला भाकरी थापत होती. पाठमोरीच तिनं विचारलं, "माय, हे समदं तुला मागच्या दोन बारीला मालूम नव्हतं का?"

अंगणभर पुरुषांपुढं न अडखळलेली बाई तिथं मुकी झाली. काय सांगणार? मालूम होतं म्हणावं तर आपण कसली आई, आणि मालूम नव्हतं म्हणावं तर आत्ताच अंगणात काय सांगून आलो? शीला थांबली, उत्तर आलं नाही, तशी तिनं तव्यावरची भाकरी उलटली. रात्रभर धुरपताला तो प्रश्न टोचत राहिला.

शुक्रवारी सकाळी तिनं खिचडीचं काम केवळाबाईवर सोपवलं आणि शीलाला म्हणाली, "चल लोह्याला." डॉक्टरचा कागद घेतला, आधार कार्डं घेतली. एसटीत दोघींनी अर्धं तिकीट काढलं. पोलीस ठाण्याच्या फाटकात, गावातलं कुणी बघतंय का म्हणून धुरपताची मान वळली. शीला थांबली नाही म्हणून तीही थांबली नाही.

आत एक हवालदार बाई होत्या, वयानं शीलाएवढ्या. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि लिहायला घेतलं. नाव, गाव, लग्न कधी झालं. पहिल्यांदा कधी मारलं, कशानं मारलं. शीला सांगत होती. एकेक गोष्ट, रडणं नाही, थांबणं नाही. त्यातल्या निम्म्या धुरपता पहिल्यांदाच ऐकत होती. पण ती बाहेर उठून गेली नाही.

"पहिल्यांदा मारलं तेव्हा कुठं गेलात?" हवालदार बाईंनी विचारलं.

"मायकडं."

"मग परत कशा गेलात?"

शीला गप्प झाली. पहिल्यांदाच. खाली टेबलाकडं बघायला लागली. आईचं नाव ठाण्यातल्या कागदावर कसं घालावं, हे तिला सुचेना. धुरपतानं ते ओळखलं. कालचा प्रश्न अजून तसाच होता आणि त्याचं उत्तर लेकीनं द्यायचं नव्हतं.

"मी नेऊन घातली," धुरपता म्हणाली. "दोन्ही बारीला. बोटं सुजलेली होती, तरी ओटी भरली, अन् जावयाच्या गाडीत तिच्याशेजारी बसून नेऊन घातली. मला समदं मालूम होतं. हे बी लिहा."

हवालदार बाईंचं पेन थांबलं. "काकू, ते लिहिलंच पाहिजे असं नाही. तक्रार नवऱ्याविरुद्ध आहे."

"लिहा मॅडम," शीला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज भरला नव्हता. "मायनंच नेऊन घातलं. ती म्हणती तसं लिहा."

"हाव," धुरपता म्हणाली. "तसंच लिहा."

बाईंनी लिहिलं, कागद वाचून दाखवला. धुरपतानं सगळा ऐकला, आणि शीलाच्या सहीशेजारी आपली सही करायला पेन मागितलं.